नापासांची लादी

“थांबा जरा. ती इचार करते हाय.”

एवढं बोलून मामा डावा पंजा दाराच्या दिशेने आडवा धरायचे. कोण आलंय हे बघायला मानसुद्धा वळवायचे नाहीत. नजर टेबलावर, उजव्या हातात पेन्सिल. रेल्वेचं फाटक पडलं की माणूस जसा मुकाट थांबतो, तसे आम्ही सगळे त्या पंज्यासमोर थांबायचो. एकदा आमचे प्राचार्य कसलीशी फाइल घेऊन तरातरा आत आले, त्यांनाही हा पंजा दिसला. ते चक्क थांबले. टेबलावरचा मसुराएवढा राखाडी किडा शेवटी एकदाचा डावीकडे वळला, मामांनी वहीत खूण केली आणि मग मान वर करून म्हणाले, “या साहेब, बसा.” प्राचार्य तोवर कशासाठी आलो होतो तेच विसरले होते.

मामा पनवेलच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई. कागदोपत्री त्यांना परिचर म्हणत, मुलं मामा म्हणत, आणि मुलांचं ऐकून आम्ही शिक्षकही मामाच म्हणू लागलो. विचुंब्याच्या अलीकडच्या एका गावातले आगरी गृहस्थ. अंगाने सडपातळ, मिशी नीट कातरलेली आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चित्रकलेचा मऊ ब्रश. तो ब्रश कशासाठी हे मला पहिल्या आठवड्यात कळलं नाही. वाटलं, घरी कुणी मूल चित्रं काढत असेल.

मी तिथे २००६ साली तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे दर जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही या चिंतेत मे महिना घालवायचा. पीएच.डी. झाली तर कायमच्या जागेसाठी उभं राहता येणार होतं. विषय मार्गदर्शकांनी सुचवला होता: साध्या प्राण्यांना नुकतंच काय केलं ते किती वेळ लक्षात राहतं, आणि त्यावरून ते पुढची दिशा कशी ठरवतात. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात मला कुंड्यांखालचे किडे गोळा करायचे होते.

हा किडा तुम्हीही पाहिलेला आहे. ओलसर कुंडी उचलली की खालून पाच-सहा राखाडी जीव लगबगीने पांगतात, आणि एखाद्याला बोट लावलं की तो अंग मिटून गोल होऊन बसतो. मराठीत त्याला धड नाव नाही. मामांनी ते देऊन टाकलं. गोळी. “मॅडम, आज बारा गोल्या मिलाल्या,” असं ते सकाळी सांगायचे, तेव्हा स्टाफरूममधले नवे लोक माझ्याकडे काळजीने बघायचे. हा खरं तर किडा नव्हे, खेकड्याच्या नात्यातला प्राणी आहे, हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचार केला. “म्हंजे चिंबोरीची धाकटी भन,” ते म्हणाले. “खायला नाय जमायची पन. अंगात कायच नाय.”

आता या गोळीची गंमत सांगते. तिला एका अरुंद बोळातून चालायला लावा आणि मध्ये एक सक्तीचं उजवं वळण ठेवा. पुढे तिठा आला, म्हणजे डावीकडेही जाता येईल आणि उजवीकडेही, की ती बहुधा डावीकडे जाते. आधी डावं वळण दिलं तर पुढे उजवीकडे. म्हणजे मागच्या वळणाची काहीतरी खूण त्या इवल्याशा अंगात थोडा वेळ टिकते. किती वेळ टिकते हे शोधायचं तर वळण आणि तिठा यांच्यातलं अंतर वाढवत न्यायचं आणि बघायचं, कुठे विसरते. एवढाच माझा सगळा प्रबंध.

बोळ मामांनी बनवले. वायरिंगसाठी भिंतीवर ठोकतात ती पांढरी प्लास्टिकची पट्टी असते ना, तिचे तुकडे. त्यांचा पुतण्या उलव्याला नव्या इमारतींत वायरमनचं काम करायचा, तो उरलेले तुकडे आणून द्यायचा. मामांनी ते कानस लावून असे जोडले की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडायचं नाही. तळाला कागद, आणि तोही प्रत्येक गोळीनंतर नवा, म्हणजे आधीच्या गोळीच्या वासावरून पुढची चालायला नको. गोळी उचलायची ती त्या मऊ ब्रशवर. हाताने उचललेलं त्यांना आवडत नसे. “आपला हात तिला भट्टीवानी लागत असंल,” असं त्यांचं म्हणणं.

गोळी अशी वळते तरी का, हे मी त्यांना पुस्तकातल्या शब्दांत समजावायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग मला खिडकीशी नेऊन आपल्या गावाच्या दिशेने बोट दाखवलं. पूर्वी त्यांच्या घराभोवती भातशेती होती. शेतातून घरी यायचं तर बांधावरून. बांध कधी सरळ घराकडे जात नाही. तो उजवीकडे घेऊन गेला की पुढच्या तिठ्यावर डावीकडे वळायचं, तरच घर जवळ येतं. पुन्हा उजवीकडेच वळलात तर फिरून त्याच शेतात. “एवडीशी हाय, पन तिला बांध ठावा हाय,” ते म्हणाले. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हीच गोष्ट बावीस पानांत आहे.

प्रयोग सुरू झाला. मला दिवसभर तास असायचे, कारण तासिका तत्त्वावरच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. त्यामुळे बऱ्याच गोळ्या मामाच सोडायचे आणि वहीत लिहायचे. अक्षर मोठं, शाळकरी, पण खाडाखोड नाही. एकच नियम मी तोंडी सांगून ठेवला होता. गोळी बावरली तर ती हिशेबात धरायची नाही. बावरलेल्या जिवाचं उत्तर खरं नसतं, असं मी मोठ्या रुबाबात म्हणाले होते. मामांनी ते वाक्य मनावर घेतलं. किती, ते मला पुढे कळलं.

मी स्वतः गोळ्या सोडायचे तेव्हा काही चुकायच्या, उजवीकडून येऊन पुन्हा उजवीकडेच जायच्या. मामांच्या हातच्या मात्र जवळजवळ कधीच चुकत नसत. बोळ लांब केला तरी नाही, आणखी लांब केला तरी नाही. मला वाटलं, माझा हात जड आणि यांचा हलका. मी उरलंसुरलं कामही त्यांच्यावर सोपवलं. आज वर्गात मुलांना सांगते तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगीसुद्धा म्हणते, मॅडम, तिथेच तुम्हाला शंका यायला हवी होती. यायला हवी होती हे खरं. पण उत्तर आपल्याला हवं तसं येत असलं की शंका कशाला येतेय.

दोन वर्षांनी माझ्या हातात एक देखणी आकृती होती. गोळी विसरतच नव्हती. माझे मार्गदर्शक म्हणाले, इतकं स्वच्छ उत्तर मला आयुष्यात मिळालेलं नाही. त्यात त्यांची थोडी कुरकुर होती, पण मला फक्त कौतुक ऐकू आलं. प्रबंध टाइप होऊन आला. त्याच सुमारास कॉलेजात कायमच्या जागेची मुलाखत लागली. प्रबंध सादर झाल्याची पावती दाखवली की मला बसता येणार होतं.

विद्यापीठात प्रबंध सादर करायला जायच्या आदल्या दुपारी मी रिकाम्या प्रयोगशाळेत तिथे करायच्या भाषणाचा सराव करत होते. श्रोते मामा एकटे. ते बरण्या पुसत होते. मी म्हटलं, बावरलेल्या सोडून प्रत्येक गोळी मोजली आहे. फडकं थांबलं.

“मॅडम, बावरलेली म्हंजे कंची?”

मी म्हटलं, जी मध्येच थांबते, गोल होते किंवा मागे फिरते ती.

“आनी जी सरल गेली, पन चुकीच्या बाजूला गेली?”

ती चुकली, मी म्हटलं. ती मोजायचीच. मामांनी मान डोलावली, उरलेल्या बरण्या पुसल्या, फडकं धुऊन दोरीवर वाळत टाकलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नवीन पनवेलच्या आमच्या घराची बेल वाजली. दारात मामा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. एवढ्या वर्षांत ते कधी घरी आले नव्हते. आईने पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत. टेबलावर पाच प्रती बांधून तयार होत्या. मामा त्या प्रतींकडे बघतच बोलले. ज्या चुकल्या त्या मी लिहिल्याच नाहीत, म्हणाले. उजवीकडून आलेली गोळी परत उजवीकडे गेली, तर ती बावरली असणार, नाहीतर तिला आठवणार कसं नाही, असं मला वाटलं. तुम्हीच सांगितलं होतं, बावरलेली धरायची नाही.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. लांब बोळात ज्या विसरत होत्या त्या सगळ्या वहीबाहेर, आणि वहीत फक्त आठवण असलेल्या. माझी देखणी आकृती म्हणजे मामांची माया होती, दुसरं काही नाही.

मी फार वाईट बोलले. त्यातलं एक वाक्य इथे लिहिते, कारण चुकलेलंही लिहायचं असतं हे मी त्यांच्याकडूनच शिकले. मी म्हणाले, “शिपायाने शिपायाचं काम करावं.” आई आतून बाहेर आली.

“बराबर हाय,” मामा म्हणाले. ग्लास त्यांनी खाली ठेवला. मी विचारलं, काल दुपारीच कळलं होतं ना, मग गप्प का नाही राहिलात? कोणाला समजणार होतं? हे मी विचारलं याची मला आजही लाज वाटते. कारण त्या क्षणी मला खरोखरच ते गप्प राहायला हवे होते.

मामा म्हणाले, “मी धाव्वीला तीन वेला नापास झालो मॅडम. येत व्हतं सगलं. पेपर हातात आला की हातपाय गार. कोनी इचारलं नाय, पोरगा बावरलाय का. म्हनून ह्यांना मी नापास करत नव्हतो. पन त्यानी तुमचं खोटं झालं. ते कसं चालंल?”

मी त्या दिवशी विद्यापीठात गेले नाही. मामांबरोबर कॉलेजात गेले. ते मला प्रयोगशाळेच्या मागच्या नळापाशी घेऊन गेले. तिथे कपडे धुण्याची असते तशी एक जुनी काळी लादी होती, नळाच्या गळतीने कायम ओली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून कलती केली. खाली गोळ्याच गोळ्या. त्यांच्यात काकडीच्या साली, बटाट्याची एक फोड आणि कुजकी पानं, सगळं नीट मांडून ठेवलेलं. दोन वर्षांत चुकलेली प्रत्येक गोळी त्यांनी इथे आणून सोडली होती, परत बोळात घातली नव्हती. “एकदा बावरली, तिला परत कशाला तरास द्यायचा,” ते म्हणाले. मला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. माझा खरा प्रबंध त्या लादीखाली साली खात होता.

मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, म्हणाले, आता कुठे तुझा विषय सुरू झाला. पण वर्षाची मुदतवाढ घ्यावी लागली आणि मुलाखत हुकली. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ती बाई चांगली होती, पुढे माझी मैत्रीणही झाली, पण त्या वर्षभरात तिला स्टाफरूममध्ये बघितलं की मी वह्या उचलून प्रयोगशाळेत जाऊन बसायचे. मामा हे ओळखून होते. त्या काळात ते माझ्यासमोर चहा ठेवायचे आणि निघून जायचे.

पुन्हा पहिल्यापासून. या वेळी नियम मी कागदावर लिहून टेबलाच्या वर भिंतीवर चिकटवला. पहिल्या दिवशी मी तास बदलून घेऊन मामांच्या शेजारी बसले. लांब बोळ होता. चौथी गोळी उजवीकडून आली, तिठ्यावर थबकली, मामांचा पंजा आपोआप आडवा झाला, आणि ती पुन्हा उजवीकडे गेली. सरळ, न थांबता, अजिबात न बावरता. मामांनी पेन्सिल उचलली. पोटच्या पोरीचा निकाल लिहावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“चुकली,” ते मोठ्याने म्हणाले, आणि लिहिलं.

मग ब्रशवर गोळी घेऊन उठले. मी म्हटलं, मामा, आता कशाला, ही मोजली ना आपण. ते दारात थांबून म्हणाले, “लिवलं ना? मंग आता घरी सोडतो तिला.” आणि नळाकडे गेले. त्या वर्षी त्यांनी एकही गोळी वहीबाहेर ठेवली नाही आणि एकही चुकलेली गोळी लादीबाहेर ठेवली नाही. दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी जमतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. अजूनही फारसं पाहिलेलं नाही.

आकृती या वेळी देखणी आली नाही. आखूड बोळात बहुतेक गोळ्यांना मागचं वळण आठवायचं. बोळ लांबत गेला तशा चुका वाढत गेल्या. सगळ्यात लांब बोळाच्या तिठ्यावर त्या डावीकडे जातील की उजवीकडे याचा काही भरवसा उरला नाही. मी ती आकृती मामांना दाखवली. उतरत जाणाऱ्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं आणि सावकाश खालपर्यंत नेलं. म्हणाले, “म्हंजे त्या बावरल्या नव्हत्या. वाट लांब झाली, म्हनून इसरल्या.” मग बोट उचलून म्हणाले, “मंग त्यांची काय चूक?” त्यांच्या चेहऱ्यावर मी असा निवांतपणा पहिल्यांदाच बघत होते. इतकी वर्षं कुणाची तरी फिर्याद ते वागवत होते, आणि ती त्या दिवशी निकालात निघाली असावी.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक मला म्हणाले, पहिल्या दोन वर्षांची निरीक्षणं रद्द केल्याचं तुम्ही लिहिलंय, न लिहिता चाललं असतं. मी त्यांना लादीची गोष्ट सांगितली. ते हसले आणि मग चष्मा काढून पुसत बसले. ही हकीकत मी मामांना सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, साहेबांना लादीखालच्या सालींचंही सांगितलं का. मी हो म्हटलं. “ते नव्हतं सांगायचं,” ते लाजून म्हणाले. त्यानंतर आठवडाभर मात्र प्रयोगशाळेत येईल त्याला ते स्वतःच ही गोष्ट सांगत होते, सालींसकट.

आणखी दोन जून उलटल्यावर पुन्हा जागा निघाली आणि मी कायम झाले. पेढे घेऊन प्रथम मामांकडे गेले. त्यांनी पंजा आडवा धरला, कारण टेबलावर गोळी होती. आता प्रयोग नव्हता, काही लिहायचं नव्हतं. ते आपले बघत बसायचे. मी पेढ्यांचा पुडा हातात धरून उभी राहिले, गोळी वळली, मग त्यांनी पेढा घेतला. त्याच दिवशी मी त्यांची माफी मागितली, त्या वाक्याबद्दल. ते म्हणाले, “तुमची वाट लय लांब झाली व्हती मॅडम.”

मामा २०१४ साली निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत गेले. मी त्यांच्या गावी गेले तेव्हा बांध कुठेच नव्हते. सगळीकडे एकसारख्या इमारती आणि एकसारखे रस्ते. मी तिसऱ्या वळणावर चुकले. मग थांबून आधी कुठे वळले होते ते आठवलं, दुसऱ्या बाजूला वळले आणि त्यांच्या दारात पोचले. त्यांच्या पत्नीने मला तो ब्रश दिला. अर्धे केस झडलेला, दांड्यावर त्यांच्या बोटांनी गुळगुळीत झालेली जागा.

आता दर वर्षी हा प्रयोग मी पहिल्या वर्षाच्या मुलांना करायला देते. बोळ मामांच्या हातचेच आहेत, प्लास्टिक पिवळं पडलंय, पण सांधे तसेच. या वर्षी तळोज्याहून येणाऱ्या एका मुलीची गोळी तिठ्यावर आली आणि चुकीकडे गेली. ती मुलगी कालच्या चाचणीत नापास झाली होती. तिने पेन्सिल उचललीच नाही. हळूच मला विचारलं, मॅडम, ही बावरली असेल, हिला नको ना धरायला?

मी म्हटलं, लिही, चुकली. तिने खाली मान घालून लिहिलं. मग मी खिशातला मामांचा ब्रश तिच्या हातात दिला आणि म्हटलं, लिहिलंस ना? चल, आता हिला घरी सोडू. आम्ही दोघी नळापाशी गेलो, आणि मी लादी उचलून धरली.